कौतिकाबाईंनी ऐकलं नाही

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी अमरावतीच्या दवाखान्यात जखमेच्या पट्ट्या उकळत होते. कार्डाच्या डोक्यावर 'श्री' नव्हता, म्हणजे कोणीतरी गेलं होतं. अक्षर अकोल्याच्या शाळामास्तरांचं होतं, म्हणजे कोण गेलं तेही वाचायच्या आधीच कळलं, कारण कौतिकाबाईंच्या मळ्यातली सगळी पत्रं तेच लिहून देत. "सौ. कौतिकाबाई सोमवारी पहाटे वारल्या. आठ दिवस ताप होता. आपणांस कळावे." एवढंच. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर राग आला, आणि तो आज इतके आठवडे झाले तरी उतरलेला नाही. आठ दिवस ताप, आणि अकोल्याहून अमरावती बडनेऱ्याला गाडी बदलूनही अर्ध्या दिवसाचं अंतर... एक निरोप पाठवायला काय झालं होतं? ज्याच्या कमरेखाली काही कळत नाही अशा माणसाला ताप येतो आणि आठ दिवस राहतो, तेव्हा त्याचा अर्थ काय असतो हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. तीन वर्षं मीच तो त्यांच्याकडून घोकून घेतला होता.

या पुरवणीच्या वाचकांपैकी अकोल्याच्या काहींनी कौतिकाबाईंना पाहिलं असेल. फुलांच्या बाजारात एका ठेंगण्या ओट्यावर, पायांवर गोधडी पसरून हार ओवत बसणारी काळी, रुंद खांद्यांची माळीण. पुष्कळांना त्या चालू शकत नाहीत हेही ठाऊक नसेल. त्यांना ओळखणाऱ्यांनी मात्र गेल्या महिन्यात मला फार छान छान पत्रं लिहिली. किती सोशिक बाई, किती गोड स्वभाव. कोणाबद्दल लिहीत आहेत कोण जाणे. मी ज्या कौतिकाबाईंना ओळखत होते त्यांच्याइतकं मला आयुष्यात कोणी छळलेलं नाही.

मी नर्स. नागपुरात शिकले आणि युद्धाच्या काळात पुण्याच्या लष्करी इस्पितळात होते. तिथे पाठीचा कणा मोडलेल्या जवानांचा एक वॉर्ड होता. त्या वॉर्डातल्या एका वयस्क गोऱ्या बाईंच्या हाताखाली मी दोन वर्षं काम शिकले. लोक या कामाला मालिश म्हणतात, म्हणोत. खरं काम असं की जे अंग मेलं त्याची कातडी डोळ्यांत तेल घालून जपायची, आणि जे जिवंत आहे त्याच्याकडून दुप्पट मेहनत करून घ्यायची. युद्ध संपत आलं तशी मी अकोल्याला भावाकडे आले. इथे असा वॉर्ड नव्हता. झाडावरून, विहिरीत पडून, जिन कारखान्यातल्या कापसाच्या गाठींखाली सापडून कंबर गेलेली माणसं दवाखान्यातून घरी सोडली जात आणि घरच्या बाजेवर पडून राहत. फार तर सहा महिने, असं सगळेच धरून चालत. डॉक्टरही आणि घरचेही. मग मीच पिशवी घेऊन त्यांच्या घरी जायला लागले. सर्व्हिस मोटार मिळाली तर मोटारीनं, नाहीतर बैलांच्या दमणीत बसून.

कौतिकाबाईंचा मळा मोर्णेच्या काठी. त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, मोटेचा दोर अडकला म्हणून त्या वाकल्या आणि आतल्या खडकावर पाठीवर पडल्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पावसाळा सरला होता. त्यांचे यजमान महादेवराव मला गोठ्यालगतच्या खोलीत घेऊन गेले आणि दारातच थांबले. वास एवढा होता की मीसुद्धा क्षणभर थांबले. बाजेवर चाळिशीची एक बाई उताणी पडली होती. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमीच का त्या मालिशवाल्या बाई? तेल कोनतं आनलं?"

"तेल नाही आणलं," मी म्हटलं.

"मंग आल्या कायले?"

पाठीवर, दोन्ही कुल्ल्यांवर, टाचेवर मिळून चार जखमा. एकीत माझी मूठ मावली असती. मी महादेवरावांना समोर बसवलं आणि दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, उश्या कुठे द्यायच्या, कातडीवर लाल डाग दिसला तर काय समजायचं, पोट दाबून लघवी कशी काढायची, सगळं दाखवलं. त्या गरीब माणसानं एक शब्द न बोलता सगळं केलं. मळ्यातली कामं टाकून दर दोन तासांनी तो घरात येई. अकोल्यात कापसाला तोटा नाही. त्यांनी नव्या कापसाच्या अकरा उश्या भरल्या. जखमा भरायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत कौतिकाबाईंनी माझं एकही बोलणं वाद घातल्याशिवाय मानलं नाही. कूस बदलली की म्हणत, या अंगावर भिंतच दिसते, मले वावर दिसलं पाह्यजे. मग सगळी बाज फिरवायची. फिरवली की तिकडून ऊन येई.

जखमा भरल्यावर हातांचं काम सुरू केलं. दोन्ही बाजूंना विटा ठेवायच्या, त्यांवर तळहात रोवायचे आणि सगळं अंग वर उचलायचं. पुण्यात पंचविशीच्या जवानांना हे जमायला महिना लागे. या बाईंनी आयुष्यभर पाण्याच्या घागरी आणि भाजीच्या पाट्या वाहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी उचललं. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "याच्यात काय हाय, बाई. गाजराची पाटी याच्याहून जड राह्यते."

खरं भांडण पुढे झालं. मला त्यांना उभं करायचं होतं. त्यामागे कारणं होती. उभं राहिलं की मूत्रपिंडं नीट राहतात, हाडं ठिसूळ होत नाहीत. पण आज कबूल करते, नुसती कारणं नव्हती. पुण्याला माझ्या हातून जवान उभे राहिले होते, आणि अकोल्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी हसून सांगितलं होतं की मळ्यात हे जमायचं नाही. मी लोहाराकडून पायांना बांधायच्या लोखंडी पट्ट्या करून घेतल्या, अंगणात दोन आडवे बांबू ठोकून घेतले. कौतिकाबाईंनी त्या पट्ट्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या.

"उभं राहून करू काय?" त्या म्हणाल्या. "फुलं तं बसूनच ओवतेत."

मी मूत्रपिंडाचं सांगितलं. त्यांनी बाजारातल्या ओट्याचं सांगितलं. तिथे त्यांच्या सासूच्या काळापासून त्यांची जागा होती आणि त्या पडल्यापासून ती दुसरीच बाई अडवून बसली होती. त्यांना तिथे जायचं होतं. चाकांचा गाडा करून द्या म्हणत होत्या. मी म्हटलं, आधी उभ्या राहा. त्या म्हणाल्या, आधी गाडा. तीन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी जायची, पट्ट्या बांधायची, त्या तोंड फिरवून बसायच्या. मला वाटतं, एवढ्या रागानं पाय चोळून घेणारी दुसरी रोगी मला मिळायची नाही. शेवटी महादेवरावच मध्ये पडले. जिनातल्या जुन्या ढकलगाडीची चार चाकं त्यांनी मिळवली, सुताराकडून त्यांवर फळी ठोकून घेतली आणि गाडा अंगणात आणून ठेवला. "आता उभी राह्य एकडाव बाईसाठी," एवढंच म्हणाले.

आणि त्या उभ्या राहिल्या. पट्ट्या बांधून, दोन्ही बांबू धरून, सगळं अंग थरथरत. दहा महिन्यांनी त्यांचं डोकं अंगणाच्या कुंपणाच्या वर आलं होतं. त्या कुंपणापलीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "गोबीची ओळ वाकळी लावली यानं... झालं का तुमचं? बसवा आता मले."

पुढे त्या रोज पाव तास उभ्या राहत. तेवढा वेळ महादेवरावांना कुंपणाच्या आतून सूचना देत. माझ्यावर उपकार केल्यासारखा तो पाव तास मोजून देत.

त्या गाड्यावरून बाजारात जाऊ लागल्या तेव्हा पहिले काही दिवस लोक नुसते बघायला येत. कौतिकाबाई त्यांना म्हणत, "पाहाले आले तं हार घेऊन जा." आमचा नियम ठरला होता, एक हार ओवून झाला की एकदा हातांवर अंग उचलायचं आणि दहा आकडे मोजायचे, म्हणजे बुडाखालच्या कातडीला रक्त मिळतं. गिऱ्हाईक नसलं की नियम पाळला जाई. गिऱ्हाईक असलं की मी दुरून पाहत राही आणि दातओठ खाई. सात हार झाले, आठ झाले, बाई हलायला तयार नाही. जवळ जाऊन खुणावलं की गिऱ्हाइकासमोरच म्हणत, "ह्या आमच्या सासूबाई."

बाळापूरची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र त्यांची गोष्ट पुरी व्हायची नाही. तिथले एक भटजी, आम्ही त्यांना महाराजच म्हणत असू, देवळाला चुना देताना परांचीवरून पडले आणि त्यांचीही कंबर गेली. मी तीनदा जाऊन आले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं ते काही वळवलं नाही. अंगाला हात लावू देत नव्हते, जेवत नव्हते, बोलत नव्हते. त्यांच्या पत्नी, काकू, दाराआड उभ्या राहून डोळे पुसत. मी वैतागून एकदा हे कौतिकाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले घेऊन चाला."

"तुम्ही काय करणार तिथे?"

"तुमी तीन डाव जाऊन काय केलं?"

महादेवरावांनी आणि ड्रायव्हरनं त्यांना उचलून सर्व्हिस मोटारीत बसवलं. सगळ्या वाटेत मी बजावत होते, की नुसतं अंग कसं उचलता ते दाखवा, बोलायचं मी बघते. त्या बाहेरची वावरं पाहत होत्या. महाराजांच्या घरी त्यांना ओसरीवर उतरवलं. आतल्या खोलीत महाराज भिंतीकडे तोंड करून पडलेले. कौतिकाबाईंनी पदर सारखा केला आणि तिथूनच विचारलं, "महाराज, लघवी कशी करता?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आपण तरी इथून नाहीसं व्हावं. मग तीन फेऱ्यांत मला एकदाही न दिसलेलं महाराजांचं तोंड दाराकडे वळलं.

"कोण आहे ही बाई?"

"मी अकोल्याची माळीन. माही बी कंबर गेली. तुमी देवळावरून पडले, मी विहिरीत पडली. आता दोघाचं सारखंच झालं. तं मंग लाजता कोनाले?"

मग त्यांनी तळहात जमिनीवर रोवले, अंग उचललं, पुढे टाकलं, पुन्हा उचललं. पाय मागून ओढले जात होते. असं करत त्या सगळी ओसरी ओलांडून उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या. धाप लागली होती. "आत येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं सोवळं असन."

महाराज त्यांच्या पायांकडे पाहत होते. मग ते म्हणाले, "या आत."

त्या दिवशी महाराजांनी मला पहिल्यांदा पाठ पाहू दिली. कौतिकाबाईंनी त्यांना जे जे विचारलं आणि सांगितलं ते मी इथे लिहू शकत नाही. मला स्वतःला ते सांगायला सहा महिने लागले असते. परत येताना मी त्यांना म्हटलं, तुम्हाला फक्त दाखवायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "दाखवलं ना." पुढे बार्शीटाकळीला एका बाईकडे आणि आणखी दोन ठिकाणी त्या माझ्याबरोबर आल्या. प्रत्येक वेळी मी तेच बजावलं आणि प्रत्येक वेळी त्यांनी तेच केलं.

मग स्वराज्य आलं. त्या दिवशी अकोल्यात एवढे हार लागले की सकाळी दहाला बाजारातली फुलं संपली, आणि मळ्यातून पुन्हा पुन्हा पाट्या येत राहिल्या. मिरवणुका, फोटो, पुढारी, शाळा, सगळ्यांना हार हवे. कौतिकाबाई पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत एका जागी बसून होत्या. मी दुपारी जाऊन ओरडले तर सगळ्या बाजारादेखत म्हणाल्या, "आज तरी मले स्वराज्य द्या, बाई." लोक हसले. मलाही हसू आलं आणि मी निघून गेले. चार दिवसांनी त्यांच्या डाव्या बुडाखाली जखम सापडली, हाडापर्यंत.

अशा जखमेला एकच उपाय. तिच्यावर भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे रात्रंदिवस पालथं झोपायचं. मी त्यांना तीन महिने पालथं झोपवलं. दसरा गेला, दिवाळी गेली. माळिणीच्या वर्षातले हे दोनच मोठे सण, आणि दोन्ही त्यांनी हनुवटीखाली उशी घेऊन काढले. "पालथं पडलं का मानूस पालीवानी दिसते," म्हणायच्या. झेंडूचे ढीग बाजेसमोर ओतायला लावून पालथ्यापालथ्याच ओवायच्या, पण बाजारात त्यांच्या जागी दुसरं कोणी बसे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी गेले तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. मी म्हटलं, जखम भरत आली आहे, पुढची दिवाळी तुमचीच. त्या भांडल्या नाहीत याचंच मला बरं वाटलं. तेव्हाच समजायला हवं होतं.

गेल्या वर्षी मला अमरावतीच्या दवाखान्यात जागा मिळाली. कणा मोडलेल्या रोग्यांसाठी सहा खाटा मिळणार होत्या, वऱ्हाडात पहिल्यांदाच. मी सांगायला गेले तर कौतिकाबाई म्हणाल्या, "जा. तिथं उभं राहनारे भेटतीन तुमाले." मी महिन्याला पत्र टाकायची, रोज कातडी पाहता ना, कोण पाहतं, कशी आहे. मास्तरांच्या अक्षरात उत्तर यायचं, "सर्व ठीक आहे."

शेवटची भेट नवरात्राच्या आधीची. भावाकडे आले होते, परतीच्या गाडीला तासभर होता, म्हणून बाजारात गेले. त्या थोड्या ओढलेल्या वाटल्या. मी म्हटलं, मला पाठ पाहायची आहे. त्या हसल्या. "इथं? बजारात?" मी म्हटलं, घरी चला. त्यांनी समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडे बोट दाखवलं. गाडी चुकली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात हजर राहता आलं नसतं... मी गाडी पकडली. त्यांच्यावर एवढी चिडते, पण त्या एका तासाचं काय करू, हे मला अजून कळलेलं नाही.

कार्ड मिळाल्यावर पंधरा दिवसांनी रजा मिळाली, तेव्हा मी अकोल्याला गेले. महादेवराव ओसरीवर बसले होते. मी बसायच्या आधीच ओरडले. जखम होती का? होती. कधीपासून? नवरात्रापासून. तुम्हाला माहीत होतं? होतं.

"मग मला कळवलं का नाही?"

"तिनं शपथ घातली होती," ते म्हणाले. "म्हने, बाईले कळवू नका, त्या येतीन अन् मले पालथं झोपवतीन."

मी त्यांना काय काय बोलले ते आता आठवत नाही. तुम्ही तिचं ऐकलंत कशाला, असं काहीतरी. नागपुराहून नवी इंजेक्शनं मागवता आली असती, दोनच महिने पडून राहिली असती तर पुढची दहा वर्षं मिळाली असती, हेही मी म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर हळूच म्हणाले, "तुमचं ऐकलं का तिनं कधी? मंग माहं काय ऐकन?" आणि थोड्या वेळानं, "बाई, डाक्टर साहा महिने म्हनले होते. तिले चार दिवाळ्या भेटल्या. पहिली जखमाईत गेली. एक तुमी पालथं झोपवून नेली. ही तिले सोडाची नव्हती."

दिवाळीचे सगळे दिवस त्या बाजारात बसल्या. भाऊबीजेच्या संध्याकाळी घरी आल्या आणि ताप भरला.

लोक मला म्हणतात, तिनं मनासारखं जगून घेतलं, त्यात समाधान माना. मी मानत नाही. दहा दिवाळ्या आणि एक दिवाळी यांतली निवड होती, आणि त्यांनी चुकीची केली. मी समोर असते तर भांडले असते आणि बहुधा जिंकले असते, आणि त्या पालथ्या पडून मला शिव्या देत आज जिवंत असत्या. मला त्या शिव्या चालल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मी बाळापूरला गेले. महाराज ओसरीवर पंचांग घेऊन बसले होते. हल्ली गावातली माणसं मुहूर्त विचारायला त्यांच्याकडेच येतात. बातमी त्यांना आधीच कळली होती. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "कळलं त्या दिवशी मी स्नान केलं. दहा दिवस रोज."

घरातलं कोणी गेलं की करतात ते स्नान. आणि महाराजांचं स्नान म्हणजे काय हे मला माहीत आहे. काकू आणि शेजारचे गृहस्थ मिळून त्यांना पाटावर उतरवतात, अंग धुतात, पुसतात, पुन्हा उचलून आणतात. घटका-दीड घटकेचं काम. म्हणून एरवी ते एक दिवसाआड करतात. कार्तिकाची थंडी, आणि दहा दिवस रोज, अकोल्याच्या एका माळिणीसाठी.

मला जे सुचलं ते असं: "ओलं धोतर अंगाखाली राहिलं नाही ना? पाठ कोरडी केली होती? दाखवा पाहू."

त्यांनी पंचांग मिटून ठेवलं आणि काकूंच्या आधारानं कुशीवर वळले. मी खांद्यांपासून टाचांपर्यंत सगळी कातडी पाहिली, बोटं फिरवून पाहिली. कुठे लाल डागसुद्धा नव्हता.